इशारा देणारा आणि ऐकणारा

आमच्या एका वाचकभगिनीने या महिन्यात आम्हांस एक प्रश्न केला आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबातील पुतण्या बारावी उत्तीर्ण होऊन वैमानिक होऊ इच्छितो. घरातील तरुण मंडळी त्याच्या बाजूची आहेत, सासूबाई विरुद्ध आहेत, आणि घरचा कारभार पाहणारे थोरले दीर अद्याप मौन धरून आहेत. बाईंचा प्रश्न असा की, हल्लीच्या विमानांत उंची, वेग, डोंगर या सर्वांविषयी यंत्र स्वतः बोलून वैमानिकास सावध करते असे मुलगा सांगतो. तसे असेल तर विमाने उतरताना अपघात का व्हावेत? प्रश्न सरळ आहे. त्याचे उत्तर तितके सरळ नसल्यामुळे या वेळचे पान आम्ही त्यालाच देत आहोत.

म्हसावदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी बसून विमानविद्येवर लिहिणे काहींस विनोदाचे वाटेल. परंतु ही विद्या आता आमच्या टापूस परकी राहिलेली नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूर येथे वैमानिकांची शाळा आहे, आणि तेथील शिकाऊ विमान क्वचित आमच्या बाजूच्या आकाशातही दिसते. १६ जुलै २०२१ रोजी याच शाळेचे एक लहान विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ डोंगरात कोसळले. शिक्षक मरण पावले, शिकाऊ तरुणी जखमी झाली. आसपासच्या आदिवासी पाड्यांतील मंडळींनी तिला झोळीत घालून डोंगरातून खाली आणले. झोळीकरिता एका स्त्रीने आपली साडी दिली. सासूबाईंच्या भीतीस आधार नाही, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विमानाचे उतरणे म्हणजे एका मोठ्या वेगाचा ठराविक लांबीच्या पट्टीवर निकाल लावणे होय. वेग, खाली येण्याचा दर, चाके, पंखांच्या झडपा हे सर्व भूमीपासून हजार फुटांवर, आणि आकाश निरभ्र असल्यास निदान पाचशे फुटांवर, ठरल्या मापात आलेले असले पाहिजे. यास स्थिर अवतरण म्हणतात. माप चुकले असेल तर वैमानिकाने उतरण्याचा नाद सोडून इंजिनांस पूर्ण जोर द्यावा, वर जावे, आणि फेरी मारून पुन्हा यावे असा नियम आहे. इंग्रजीत यास ‘गो अराउंड’ म्हणतात. आम्ही ‘पुनरुड्डाण’ हा शब्द योजतो. शब्द थोडा जड आहे खरा, पण कृतीही काही हलकी नव्हे.

गणिताची आवड असणाऱ्या मुलांसाठी थोडा हिशेब देतो. उतरताना विमानाचा भूमीशी वेग १६५ नॉट असेल तर ते ताशी सुमारे ३०५ किलोमीटर, म्हणजे प्रत्येक सेकंदास सुमारे २७८ फूट जाते. ‘आता टेकेल, आता टेकेल’ म्हणत चार सेकंद गेले की अकराशे फूट धावपट्टी मागे पडली. शिवाय थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हवेशी दीडशे नॉट वेगाने येणाऱ्या विमानास १४ नॉटचा वारा समोरून असेल तर भूमीशी वेग १३६ नॉट राहतो. तोच वारा पाठीमागून असेल तर १६४ होतो. या दोन आकड्यांचे वर्ग करून पाहावेत. एकाच विमानास, एकाच वाऱ्यात, केवळ दिशा बदलल्यामुळे थांबण्यास जवळजवळ दीडपट अंतर लागते, आणि धावपट्टी ओली असेल तर त्याहूनही अधिक.

हे आकडे आम्ही कल्पनेतून घेतलेले नाहीत. ७ ऑगस्ट २०२० च्या सायंकाळी दुबईहून कोझिकोड येथे आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाचे ते जवळजवळ प्रत्यक्ष आकडे आहेत. करोनाच्या साथीत परदेशी अडकलेल्यांस घरी आणण्यासाठी ते विमान निघाले होते. आत १९० जीव होते. कप्तान होते दीपक साठे. त्यांचे वृद्ध आईवडील नागपुरास राहत असल्यामुळे त्या रात्री विदर्भातील व पुण्यामुंबईकडील कित्येक घरांत ती वार्ता आपल्या घरची म्हणून ऐकली गेली. साठे हे खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडलेले, वायुदलाच्या अकादमीत मानाची तलवार मिळवलेले, विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. उड्डाणाचे दहा हजारांहून अधिक तास त्यांच्या पदरी होते. शेजारी बसलेले उपवैमानिक अखिलेश कुमार वयाने बत्तीस वर्षांचे होते.

पुढे जे घडले ते सरकारी चौकशी मंडळाच्या सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालावरून सांगतो. पाऊस चालू होता. पहिल्या प्रयत्नात कप्तानाच्या बाजूच्या काचेवरील वायपर बंद पडला. धावपट्टी दिसेना, म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे पुनरुड्डाण केले. येथपर्यंत सर्व यथायोग्य झाले. दुसऱ्या खेपेस त्यांनी धावपट्टीची विरुद्ध बाजू घेतली, आणि त्या बाजूने वारा पाठीमागून येत होता. शेवटच्या टप्प्यात अवतरण अस्थिर झाले. ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर, म्हणजे बरोबर अर्धी पट्टी संपल्यावर टेकले. पट्टीच्या टोकावरून बाहेर पडले तेव्हाही त्याचा वेग ८४ नॉटहून अधिक होता. कोझिकोडचा विमानतळ डोंगराचा माथा सपाट करून बांधलेला आहे. विमान सुमारे ११० फूट खाली जाऊन आवाराच्या रस्त्यावर आदळले व दुभंगले. दोघे वैमानिक धरून एकवीस माणसे गेली.

या कथेतील जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो असा. उपवैमानिकास अवतरण बिघडत असल्याचे कळले होते. त्यांनी प्रथम ‘जरा पाहा’ अशा अर्थाच्या मोघम शब्दांत कप्तानाचे लक्ष वेधण्याचा यत्न केला, आणि शेवटी ‘गो अराउंड’ असे स्पष्ट म्हटले. तो शब्द उच्चारला गेला म्हणजे कप्तानाने वर जाणे बंधनकारक आहे. ‘का’ म्हणून विचारण्यासही तेथे जागा नाही. तरी विमान वर गेले नाही.

ही एकच घटना असती तर आम्ही ती दैवगती म्हणून सोडून दिली असती. पण दहा वर्षांपूर्वी, २२ मे २०१० रोजी, त्याच कंपनीचे, दुबईहूनच निघालेले विमान मंगळूर येथे अशाच डोंगरमाथ्यावरील पट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ माणसे मरण पावली, आठ वाचली. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर ते सुमारे ५,२०० फुटांवर टेकले होते. प्रवासात कप्तान सुमारे पावणेदोन तास झोपले होते, हे ध्वनिमुद्रणावरून उघड झाले. खाली येताना विमान ठरल्या मार्गापेक्षा फार उंच होते. यंत्र सावध करीत होते, आणि उपवैमानिकाने तीन वेळा पुनरुड्डाण करण्यास सांगितले होते. त्याच्याही आधी, ७ मार्च २००७ रोजी, जावा बेटातील योग्यकर्ता येथे गरुड कंपनीच्या विमानाची हीच कथा झाली. त्या यंत्राने पंधरा वेळा इशारा दिला, उपवैमानिकाने पुनरुड्डाण सुचवले, कप्तान मात्र उतरतच राहिले. विमान पट्टी ओलांडून भातखाचरात जाऊन पेटले व एकवीस माणसे गेली.

तीन देशांतील तीन कप्तान, तिघेही मुरलेले. तिन्ही ठिकाणी शेजारच्या माणसाने सांगितले, पण ऐकले गेले नाही.

बाईंच्या पुतण्याने ज्या बोलणाऱ्या यंत्राची थोरवी सांगितली ती खरी आहे, आणि तिचे मूल्य कळण्यास यंत्रापूर्वीचे दिवस आठवावे लागतात. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान जिनिव्हास उतरण्याच्या वाटेवर माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि आपल्या मुंबईच्या डॉ. होमी भाभांसह ११७ माणसे गेली. पर्वत मागे पडला अशी वैमानिकाची समजूत होती. विमानात बिघाड नसता, वैमानिक शुद्धीवर असता, धडधाकट विमान डोंगरावर जावे असे अपघात त्या काळी वारंवार घडत. त्यावर कॅनडात जन्मलेले व अमेरिकेत काम करणारे अभियंते डॉन बेटमन यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उपाय काढला. विमानातून खाली रेडिओलहरी सोडायच्या, त्या परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून भूमीचे अंतर मोजायचे, आणि ते अंतर भलत्या वेगाने कमी होऊ लागले की यंत्राने बोलायचे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळून ९२ माणसे मेली, आणि अमेरिकेने हे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचे केले. असे अपघात पुढे झपाट्याने कमी झाले.

पहिल्या यंत्रात एक उणीव होती. त्यास फक्त पायाखालचे दिसे, समोरचा सरळ उभा कडा दिसत नसे. १९९० नंतरच्या दशकात बेटमन यांनीच त्यात जगाच्या भूपृष्ठाचा नकाशा भरला व उपग्रहांवरून विमानाचे स्थान घेण्याची सोय केली, तेव्हा यंत्रास पुढचेही दिसू लागले. बेटमन २०२३ साली वारले. त्यांच्या यंत्राने किती माणसे वाचवली याचा हिशेब कोणास मांडता येणार नाही, कारण जो अपघात झालाच नाही त्याची नोंद कोण ठेवणार? आमच्या मते गेल्या शतकातील अत्यंत उपकारक माणसांत त्यांची गणना व्हावी, आणि आपल्या शाळांतून त्यांचे नावही कोणास ठाऊक नाही.

तथापि यंत्राचा अधिकार सांगण्यापुरता. ‘खाली येण्याचा दर फार आहे’, ‘वर ओढा’ एवढे ते बोलेल. दांडी माणसाच्या हाती आहे, आणि बिघडलेले अवतरण तसेच पुढे रेटण्याची माणसाची खोड फार जुनी आहे. विमानांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली याविषयी अहवाल काढला. त्यात असे आढळले की अस्थिर झालेल्या शंभर अवतरणांपैकी सत्त्याण्णव वेळा वैमानिक तसेच खाली येतात व फक्त तीन वेळा परत वर जातात. सत्त्याण्णवांपैकी बहुतेक सुखरूप उतरतात, आणि खरी फसवणूक तेथेच होते. प्रत्येक वेळी निभावले म्हणून पुढच्या वेळी निभावेल असे वाटते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईच्या मुसळधार पावसात जयपूरहून आलेले विमान मुख्य धावपट्टी ओलांडून गवतात रुतले. पट्टी कित्येक दिवस बंद राहिली, पण कोणाच्या जिवास अपाय झाला नाही. मुंबईची जमीन सपाट आहे, एवढाच काय तो कोझिकोडशी फरक.

मग कोझिकोडला पहिल्या वेळी नियम पाळून वर गेलेल्या त्याच कप्तानांनी दुसऱ्या वेळी तो का मोडला? अहवालाने येथे माणसाच्या मनात शिरण्याचा यत्न केला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्यांच्याकडेच होते, कोझिकोडला कप्तानांची संख्या अपुरी होती, आणि विमान दुसरीकडे नेल्यास ते उड्डाण अडले असते. म्हणजे कचेरीत बसून कोणी केलेली माणसांची मांडणी पावसातल्या विमानापर्यंत पोचली होती. कर्तव्यनिष्ठ माणसासच हा मोह पडतो. ज्यास उद्याच्या कामाची फिकीर नाही त्याने विमान खुशाल दुसऱ्या गावी नेले असते. साठ्यांस दोष देणे सोपे आहे. आम्हांस मात्र हे वाचताना घरोघरीचे ते कर्ते पुरुष आठवले, जे अंगात ताप असता ‘लग्नाची तिथी ठरली आहे, निघायलाच हवे’ म्हणून गाडी जुंपण्यास सांगतात.

आणि येथे आम्ही आमच्या वाचकांच्या अंगणात आलो आहोत. वडिलांपुढे उलट बोलू नये, ही शिकवण आपल्या घराची शोभा आहे असे आम्ही मानतो. पन्नास वर्षांपूर्वी मानत होतो, आजही मानतो. परंतु तिची एक दुसरी बाजू आहे. धाकट्यास वडिलांची चूक दिसते, तो ती प्रश्नाच्या, नाही तर शंकेच्या रूपात मांडतो. सून म्हणते, ‘दूध वर आलंय असं वाटतं’. सासूबाईंनी मान वळवेपर्यंत ते चुलीवर सांडलेले असते. स्वयंपाकघरात त्याने शेर-दीडशेर दुधाचे नुकसान होते. सेकंदास २७८ फूट धावणाऱ्या वाहनात त्या मोघमपणाची किंमत निराळी पडते.

हा दोष आपलाच आहे असेही नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दोन प्रचंड विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. तेथेही डच विमानातील कनिष्ठ अधिकाऱ्याने ‘समोरचे विमान बाजूस झाले ना?’ अशी शंका काढली होती व ज्येष्ठ कप्तानाने ती उडवून लावली होती. पुढच्या वर्षी डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंड येथे चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कप्तानास इंधन संपत आल्याची सूचना सहकाऱ्यांनी केली, पण इतक्या हळुवारपणे की ते संपूनच गेले. या दोन अपघातांनंतर १९७९ साली ‘नासा’ने एक परिषद बोलावली, आणि तेथून वैमानिकांच्या शिक्षणास एक नवीन शाखा फुटली: विमान चालविण्याबरोबर परस्परांशी बोलण्याचे व ऐकण्याचे शिक्षण. आपल्या सरकारनेही ते पुढे सक्तीचे केले.

मंगळूर व कोझिकोड यांचे अहवाल एकापुढे एक ठेवून वाचले असता या शिक्षणाची एक पायरी स्पष्ट दिसते. मंगळूरच्या चौकशीत असे म्हटले आहे की, उपवैमानिकास पुनरुड्डाण स्वतः आरंभण्याचा कितपत अधिकार आहे याविषयी निरनिराळ्या सूचनांत संदिग्धता होती, आणि म्हणून बहुधा त्याने तीन वेळा सांगितले, पण दांडी हाती घेतली नाही. ही गोष्ट तेथे साहाय्यक कारणांत मांडली आहे. कोझिकोडच्या अहवालात ती संभाव्य कारणाच्या मुख्य वाक्यातच आली आहे. कप्तान वर गेले नाहीत हा एक दोष, आणि उपवैमानिकाने नियंत्रण आपल्याकडे घेऊन विमान वर नेले नाही हा दुसरा. बत्तीस वर्षांच्या तरुणाने एकोणसाठ वर्षांच्या, मानाची तलवार मिळवलेल्या ज्येष्ठाच्या हातून विमान काढून घ्यावयास हवे होते, असे शासनाने लेखी म्हटले. आपल्या समाजाच्या दृष्टीने हे वाक्य किती अवघड आहे, याचा विचार वाचकांनीच करावा.

पुनरुड्डाणासही वेळ असते, हे सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही. मंगळूरला चाके टेकून, गती रोखण्याची क्रिया सुरू केल्यावर, कप्तानांनी पुन्हा उडण्याचा यत्न केला. तोवर पट्टी उरली नव्हती. मंगळूरनंतर बरोबर दहा वर्षांनी, २२ मे २०२० रोजी, कराचीस पाकिस्तानी विमान अतिशय उंचावरून घाईने खाली आणले गेले. चाके उघडलेली नाहीत हे यंत्र सांगत असता ते पोटावर घासले, इंजिने पट्टीस लागली, आणि मग वैमानिकांनी ते वर नेले. दुखावलेली इंजिने थोड्याच वेळात बंद पडली व विमान वस्तीवर कोसळले.

तेव्हा बाईंच्या थोरल्या दिरांनी मुलास शाळेत घालण्यापूर्वी काय पाहावे? व्यवसायी परवान्यास आपल्याकडे दोनशे तासांचे उड्डाण लागते; ते कोठेही पुरे होईल. खर्च मोठा आहे, त्याचा विचार त्यांनी केलाच असेल. आम्ही त्यांस एवढेच सुचवू की शाळा पाहावयास गेल्यावर शिक्षकांस एक प्रश्न विचारावा: शिकाऊ मुलाने अवतरण बिघडले म्हणून स्वतःहून पुनरुड्डाण केले, तर त्यास येथे बोल लावतात की शाबासकी देतात? कंपन्यांच्या नियमांत आता पुनरुड्डाणाबद्दल वैमानिकास शिक्षा करू नये असे असते, परंतु इंधनाचा खर्च व वेळाचा खोळंबा मोजणारी नजर काही नियमाने बंद होत नाही. मुलाची पहिली सवय कोठे लागते, ती शाळेतच.

पुढे मोठ्या कंपनीत गेल्यावर त्यास जमिनीवरील कृत्रिम विमानात, ज्यास सिम्युलेटर म्हणतात त्यात, बसवतील. त्यातील एका पाठात कप्तान मुद्दाम अवतरण बिघडवतो आणि गप्प बसतो. धाकट्याने एकदा सांगायचे, उत्तर न आल्यास दुसऱ्यांदा सांगायचे, आणि तरीही शांतता राहिली तर ‘आय हॅव कंट्रोल’ असे मोठ्याने म्हणून दांडी ओढून घ्यायची. ‘साहेब’, ‘कृपा करून’, ‘मला वाटते’ यांपैकी एकही शब्द त्या वाक्यात नाही. आपल्या घरात वाढलेल्या मुलास तो पाठ इतरांपेक्षा अधिक वेळा गिरवावा लागेल, असा आमचा अंदाज आहे.